ठासणीच्या रायफलचा जड चाप: कानस लावण्याआधी काय तपासाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. केंटकी पद्धतीची, .५० कॅलिबरची, टोपीवर (घोडा आपटताच पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) चालणारी नवी प्रतिकृती रायफल. चाप एकच, सेट ट्रिगर (आधी ताणून ठेवायचा आणि मग हलक्या स्पर्शाने सुटणारा चाप) नाही. ताणकाटा लावला की चाप चार किलोच्या आसपास सुटतो आणि सुटण्याआधी खरखरत सरकतो. नेम पक्का धरलेला असतो, पण त्या ओढाओढीत शेवटच्या क्षणी नळी हलते. तेव्हा लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा, उघडून सिअरचं नाक आणि टंबलरची खाच (चढवलेला घोडा अडवून धरणारे आतले दोन भाग) कानसीने थोडी घासली तर चाप हलका होईल का, आणि घासायचं तर किती?

घासू नका. निदान आत्ता तरी नाही, आणि कानसीने तर कधीच नाही. अशा रायफली मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतो आहे. चाप जड असल्याचं मूळ सिअरच्या नाकावर फार क्वचित सापडतं. बहुतेक वेळा ते चापाच्या पिनच्या जागेत असतं, सिअर स्प्रिंगच्या ताठरपणात असतं, नाहीतर लॉकचा एखादा भाग आत लाकडाला घासत असतो. तरी लोक पहिला हात सिअरलाच घालतात, कारण ‘ट्रिगर जॉब’ म्हणजे सिअर घासणं असं आधुनिक बंदुकांवरून डोक्यात बसलेलं असतं. चाप बिघडला तर दुसरा करून बसवता येतो. सिअर आणि टंबलर बिघडले तर चढवलेला घोडा कुणी हात न लावता पडू शकतो. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी लाकूड, मग स्प्रिंग, मग चाप, आणि सिअर सगळ्यात शेवटी.

लॉकची रचना दोन ओळींत सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घोडा बाहेर असतो आणि त्याच्याच आसावर प्लेटच्या आतल्या बाजूला टंबलर फिरतो. टंबलरला दोन खाचा असतात. एक हाफ-कॉकची, म्हणजे घोडा अर्धा चढवून सुरक्षित ठेवण्याची, खोल आणि वर ओठ असलेली. दुसरी फुल-कॉकची, म्हणजे घोडा पूर्ण चढवून बार काढायच्या तयारीची, उथळ. सिअर म्हणजे मध्ये खिळलेली छोटी तरफ. तिचं नाक खाचेत बसतं आणि दुसऱ्या बाजूचा आडवा दांडा दस्त्याच्या मध्यभागी, चापाच्या वर येतो. चाप ओढला की त्याची वरची पट्टी हा दांडा वर ढकलते, नाक खाचेतून निघतं आणि मेनस्प्रिंग घोड्याला खाली आपटते. म्हणजे बोटाला जे वजन जाणवतं त्यात सिअर स्प्रिंगचा जोर असतो, मेनस्प्रिंगच्या दाबाखाली नाक आणि खाच यांच्यात होणारं घर्षण असतं, आणि हे सगळं चापाच्या तरफेने गुणून किंवा भागून आपल्यापर्यंत आलेलं असतं. हा गुणाकार-भागाकारच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

सुरुवात करण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. गज नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी त्यावर खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघा. गजाचं टोक निप्पलच्या (ज्यावर टोपी बसते त्या नळकांड्याच्या) पातळीपर्यंत पोचलं पाहिजे. बोट-दोन बोटं कमी पडलं तर आत बार आहे असंच समजा. बंदूक कालच दुकानातून आली असली तरी हे करायचं. दारू आणि टोप्या दुसऱ्या खोलीत. आणखी एक: ठासणीच्या बंदुकीबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी ती जवळजवळ मोकळी आहे, काही ठिकाणी इतर बंदुकीसारखाच परवाना लागतो आणि तिच्या यंत्रणेला हात लावायलाही परवानाधारक कारागीर लागतो. तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघून घ्या.

लॉक काढताना घोडा हाफ-कॉकवर ठेवा. बाजूचे स्क्रू एकदम काढू नका. दोन-तीन फेरे सैल करा आणि स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीने आळीपाळीने हलकेच ठोका, म्हणजे लॉक सरळ वर येतं. कडेला पेचकस घालून उचकटलं तर प्लेटभोवतीच्या लाकडाचा टवका हमखास उडतो. आणि लॉक हातात आल्यावर घोडा चढवून सोडू नका. बंदुकीत घोड्याला निप्पल अडवतं. हातात त्याला अडवणारं काही नसतं, तो पुढे जाऊन सगळा मार आतल्या भागांवर देतो आणि टंबलर किंवा ब्रायडल (टंबलरला आतून आधार देणारा तुकडा) तडकतो. घोडा नेहमी अंगठ्याने धरूनच उतरवायचा.

आता निदान. यासाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा, कारण खरं काम इथेच आहे.

लॉक मऊ जबड्याच्या शेगड्यात हलकं धरा, घोडा फुल-कॉकवर आणा, अंगठा घोड्यावर ठेवा आणि ताणकाट्याचा आकडा सिअरच्या दांड्याला लावून दांडा वर ओढा. किती किलोला सुटतो ते कागदावर लिहा. मग चाप आणि त्याची प्लेट काढून ठेवा, लॉक पुन्हा दस्त्यात बसवा, स्क्रू नेहमीसारखे आवळा आणि चापाच्या फटीतून बोथट सळईने दांडा वर ढकलून बघा. हातातल्या लॉकमध्ये दांडा अलगद वर जात होता आणि दस्त्यात तोच अडखळत असेल, तर दोष लॉकचा नाही, लाकडाचा आहे. आता स्क्रू अर्धा फेरा सैल करून परत बघा. तेवढ्याने फरक पडला तर प्लेट ओढली जाऊन आतला एखादा भाग खोबणीच्या तळाला टेकतो आहे.

तो कुठे टेकतो हे शोधायला मेणबत्तीची काजळी पुरते. सिअर, ब्रायडल आणि दोन्ही स्प्रिंगा यांना काजळीचा पातळ थर द्या, लॉक बसवा, घोडा चढवा, अंगठ्याने उतरवा, लॉक परत काढा. लाकडावर काळे ठिपके दिसतील. कारखान्यातल्या प्रतिकृतींमध्ये मला सगळ्यात जास्त सापडणारी जागा म्हणजे सिअरच्या दांड्यासाठी पाडलेलं भोक. त्याची वरची किंवा मागची कड दांड्याला चाटत असते. दांडा वर उचलला जाताना तिथेच घासतो, आणि बोटाला जाणवणारी ती खरखर म्हणजे पोलादावर पोलाद नसून पोलादावर लाकूड असतं. धारदार पटाशीने त्या कडेची बारीक चिलपी काढा, पुन्हा काजळी, पुन्हा बसवा. ठिपका उमटायचा बंद झाला की थांबा. उघड्या पडलेल्या लाकडावर तेलाचा किंवा वॉर्निशचा हात द्या, नाहीतर दमट हवेत लाकूड फुगून तेच पुन्हा घासायला लागेल. चार किलोचा चाप एवढ्याने अडीच-तीन किलोवर आलेला मी पाहिला आहे, पोलादाला हातही न लावता.

याच टप्प्यावर चापाची ढिलाई बघून घ्या. चाप परत बसवा. घोडा फुल-कॉकवर असताना आणि हाफ-कॉकवर असतानाही चाप बोटाने किंचित खुळखुळला पाहिजे, केसभर तरी. अजिबात हलत नसेल तर चापाची पट्टी सिअरच्या दांड्याला खालून रेटते आहे आणि नाक खाचेत पूर्ण बसलेलं नाही. चापाचा लांबलेला प्रवास कमी करायला काही जण पट्टी मुद्दाम उंच ठेवून हेच घडवून आणतात. मला हा प्रकार अतिशय धोकादायक वाटतो. नाक खाचेत किती बसायचं हे मग लाकूड ठरवू लागतं. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं, स्क्रू पाव फेरा जास्त आवळला गेला, की कालपर्यंत ठीक वाटणारी बंदूक आज धक्क्याने सुटते.

लाकूड निर्दोष आहे आणि हातातल्या लॉकमध्येही दांडा जडच आहे, असं आढळलं तर सिअर स्प्रिंगकडे या. बऱ्याच प्रतिकृतींमध्ये ती गरजेपेक्षा खूप जाड असते. कारखान्याला प्रत्येक लॉक हाताने जुळवायचं नसतं, आणि जाड स्प्रिंग घातली की नाक खाचेत पडणार याची खात्री होते. ही स्प्रिंग हलकी करता येते, पण कुठून घासायची हे महत्त्वाचं आहे. पाटा-स्प्रिंगचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. रुंदी एक पंचमांश कमी केली तर जोर एक पंचमांशच कमी होतो. जाडी तेवढीच कमी केली तर जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून रुंदीतूनच काढायचं, थोडं थोडं, दर वेळी बसवून मोजत. घासण्याची दिशा पाट्याच्या लांबीला समांतर ठेवा. आडव्या ओरखड्यांवरच स्प्रिंग पुढे तुटते. शेवटी बारीक कागदाने कडा गुळगुळीत करा. यंत्रावर घासत असाल तर पाटा बोटांना चटका बसेल इतका तापू देऊ नका. रंग पिवळा-निळा झाला की पोलादाचं पाणी उतरायला लागलं. आणि हात घालण्याआधी सुटी स्प्रिंग मागवून ठेवा, म्हणजे मागे फिरायची वाट मोकळी राहील.

किती हलकी चालेल? बंदूक उलटी धरून घोडा सावकाश चढवा. दोन्ही खाचांत नाक पडल्याचा टक् असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. काळ्या दारूची काजळी लॉकमध्ये शिरतेच, त्यामुळे स्वच्छ लॉकमध्ये जेमतेम चालणारी स्प्रिंग पंधरा-वीस बारांनंतर चालत नाही. थोडा जोर शिल्लक ठेवाच.

मेनस्प्रिंगला मात्र हात लावू नका. ती हलकी केली तर चापही हलका होतो हे खरं आहे, कारण नाक आणि खाच यांच्यातला दाब कमी होतो. पण टोपीच्या बंदुकीत मेनस्प्रिंगचं काम टोपी फोडण्यावर संपत नाही. बार उडाल्यावर निप्पलमधून उलट येणाऱ्या वायूच्या दाबापुढे घोडा खाली दाबून धरण्याचं कामही तिचंच. ती दुबळी झाली की घोडा मागे उडतो, कधी हाफ-कॉकपर्यंत, आणि टोपीचे तुकडे डोळ्यांच्या दिशेने येतात. चकमकीच्या लॉकमध्ये ती हलकी केली तर ठिणगीच मरते.

आता मूळ मुद्दा: चाप. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कारागिरांनी लाँग रायफलींना बसवलेला साधा चाप हा पोलादाचा एक पातळ तुकडा असायचा आणि त्याची पिन दस्त्याच्या लाकडातून आरपार जायची. ही पिन ते उंचावर आणि सिअरच्या दांड्याच्या अगदी जवळ, जरा पुढे घ्यायचे. कारखान्यात जुळणी सोपी व्हावी म्हणून अनेक प्रतिकृतींमध्ये चाप खालच्या प्लेटवरच्या दोन कानांमध्ये खिळलेला असतो. त्यामुळे पिन खाली येते आणि बऱ्याचदा दांड्यापासून लांबही जाते. दोन्ही गोष्टी वजन वाढवतात.

हिशोब साधा आहे. पिनपासून पट्टी दांड्याला जिथे टेकते ते अंतर, भागिले पिनपासून बोट टेकतं ते अंतर. समजा सिअरचा दांडा उचलायला पाच किलो लागतात. पिन खाली आणि लांब आहे: दांड्यापर्यंत १६ मिलिमीटर, बोटापर्यंत २०. बोटाला लागणारं वजन ५ गुणिले १६ भागिले २०, म्हणजे चार किलो. आता तीच पिन वर आणि मागे नेली: दांड्यापर्यंत ८ मिलिमीटर, बोटापर्यंत २८. वजन ५ गुणिले ८ भागिले २८, म्हणजे साधारण १.४ किलो. लॉक तेच, सिअर तेच, खाच तीच. सिअर स्प्रिंग हलकी करून दांड्यावरचे पाच किलो साडेतीनवर आणले असतील तर बोटाला एकच किलो लागेल.

याची किंमत चापाच्या प्रवासात मोजावी लागते. दांडा ०.८ मिलिमीटर वर जायला हवा असेल तर पहिल्या मांडणीत बोट १ मिलिमीटर सरकतं, दुसऱ्या मांडणीत २.८. म्हणजे चाप हलका होतो पण लांबतो. माझ्या मते हा सौदा साध्या चापासाठी उत्तम आहे. गुळगुळीत आणि लांब चापाची बोटाला सवय लवकर होते, जड आणि खरखरीत चापाची कधीच होत नाही. फक्त टोकाला जाऊ नका. दांड्यापर्यंतचं अंतर ६ मिलिमीटरच्या खाली नेलं तर पट्टीचा कंस इतका लहान होतो की चाप मागच्या कडेला टेकला तरी नाक खाचेतून निघत नाही.

प्रत्यक्ष काम असं करतो. चापाची प्लेट काढून, लॉक बसवून, दोन्ही कॉकला दांड्याची जागा फटीतून मोजतो. चांगल्या लॉकमध्ये हाफ-कॉक आणि फुल-कॉकला दांड्याची उंची जवळजवळ सारखी असते. फरक असेल तर पट्टी बसवायची ती दांडा जास्त खाली असेल त्या स्थितीप्रमाणे. मग जाड पुठ्ठ्याचा चाप कापतो, पिनच्या जागी टाचणी खोचतो आणि दस्त्याच्या बाजूच्या रेखाटनावर तो फिरवून बघतो. पुठ्ठा चुकला तर काही जात नाही. पुठ्ठ्यावर सगळं जमल्यावर अडीच मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातून चाप कापतो आणि वरची पट्टी मुद्दाम थोडी उंच ठेवतो, म्हणजे शेवटी घासून नेमकी ढिलाई साधता येते. पट्टीची दांड्याला टेकणारी कड किंचित गोलसर आणि आरशासारखी गुळगुळीत हवी, आणि दांड्याशी काटकोनात. तिरकी असली तर ती दांड्याला बाजूला ढकलते आणि नव्याने घर्षण तयार होतं. काम पुरं झाल्यावर ही कड कठीण करून घ्या, नाहीतर थोड्याच दिवसांत तिच्यावर दांड्याचा ठसा उमटतो.

पिनचं भोक दस्त्यातून पाडायचं की नाही हा निर्णय विचारपूर्वक घ्या. मला स्वतःला जुन्या पद्धतीची, लाकडातून जाणारी पिन आवडते. दोन मिलिमीटरची पिन, उभ्या ड्रिलवर दस्ता पक्का बांधून पाडलेलं भोक, आणि शक्य असेल तर एक टोक लॉकच्या प्लेटखाली झाकलेलं. पण लाकडातलं भोक परत बुजवता येत नाही. तेव्हा पहिल्यांदाच करत असाल तर मूळ प्लेट जपून ठेवा आणि दुसऱ्या प्लेटवर उंच कान बसवून पिन त्यांच्यात घ्या. उंचीचा बराचसा फायदा यातही मिळतो आणि जमलं नाही तर रायफल तासाभरात पूर्ववत होते. चाप खुळखुळू नये म्हणून बारीक तारेची स्प्रिंग घालायला हरकत नाही, पण तिचा जोर सिअर स्प्रिंगपेक्षा फारच कमी असला पाहिजे. पट्टी दांड्याला नुसती शिवावी, उचलू नये.

एवढं करून बहुतेक रायफली दीड किलोच्या आसपास येतात. शिकारीसाठी आणि साध्या निशाणबाजीसाठी ते पुरेसं आहे. थंडीत हातमोजे घालून बंदूक वापरणाऱ्याने तर याच्या खाली जाऊच नये.

तरीही सुटण्याच्या क्षणी पोलादावर पोलाद खरखरत असेल, तर मात्र सिअर बघावं लागतं. पण आधी कोन तपासा. घोडा फुल-कॉकवर ठेवा, घोड्याच्या मागे एक न हलणारी खूण धरा आणि दांडा अगदी सावकाश वर ढकला. नाक सुटेपर्यंत घोडा जागचा हलू नये, किंवा हललाच तर केसभर मागे जावा. सुटण्याआधी तो पुढे सरकत असेल तर मेनस्प्रिंगच नाकाला खाचेबाहेर ढकलते आहे. असं लॉक चालवायचं नाही आणि स्वतः दुरुस्तही करायचं नाही. ते जाणत्या कारागिराकडे द्या किंवा सिअर-टंबलरची नवी जोडी मागवा.

कोन योग्य असेल तर फक्त पॉलिश. नाकाला निळी शाई लावा आणि कठीण, बारीक दाण्याचा दगड एका पक्क्या आधारावर टेकवून सपाट फिरवा. शाई सगळीकडून सारखी निघाली की थांबा. यंत्राच्या खुणा गेल्या की काम झालं, त्यापुढचा प्रत्येक हात नुकसान करणारा. याचं कारण पोलादाच्या कातडीत आहे. पुष्कळ प्रतिकृतींचे सिअर आणि टंबलर मऊ पोलादाचे असतात आणि फक्त वरचा पातळ थर कठीण केलेला असतो, मिलिमीटरचा काही दशांश. कानस तो थर फोडते. दगडसुद्धा हट्टाने चालवला तर फोडतो. खालचं मऊ पोलाद उघडं पडलं की नाक दर बाराला थोडं थोडं दबत जातं, कोन बदलत जातो आणि चाप आपोआप हलका होऊ लागतो. नव्या रायफलचा चाप काही न करता हलका होत चालला तर आनंद मानू नका, लॉक उघडा. परीक्षा सोपी आहे. सुई-कानशीची कड एखाद्या बिनकामाच्या कोपऱ्यावर टेकवा. ती घसरली तर पृष्ठभाग कठीण आहे, चावली तर मऊ.

हाफ-कॉकच्या खाचेला दगडही लावायचा नाही. तिचा ओठ नाकाला धरून ठेवतो, म्हणून हाफ-कॉकवर चाप कितीही ओढला तरी घोडा पडत नाही. टोपी बसवताना तुमच्या हाताची सुरक्षितता त्या ओठावरच अवलंबून असते.

फुल-कॉकची खाच फार खोल असल्यामुळे चाप लांबला असेल, तर टंबलर घासून खाच उथळ करण्यापेक्षा खाचेच्या तळाशी पितळेची बारीक पट्टी डागणं हा जुना आणि मागे फिरता येण्याजोगा उपाय आहे. कमी तापमानाला वितळणारं डाग वापरा, म्हणजे टंबलरचं पाणी उतरणार नाही, आणि नाक किमान अर्धा मिलिमीटर तरी बसलंच पाहिजे. पट्टीमुळे फुल-कॉकला दांड्याची उंची बदलते, तेव्हा चापाची ढिलाई पुन्हा तपासा. तुमच्या रायफलला मात्र याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

सेट ट्रिगर बसवण्याचा विचारही पुढेमागे येईलच, तर त्याबद्दल. जर्मन येगर रायफलींवर तो होता आणि पुढे अमेरिकन रायफलींवरही दिसतो. निशाणबाजीसाठी अर्ध्या किलोच्या खालचा चाप हवा असेल तर साधा चाप त्या थराला नेण्याऐवजी सेट ट्रिगरच बसवा. पण आधी टंबलरमध्ये फ्लाय आहे का ते बघा. फ्लाय म्हणजे टंबलरवर खुळखुळणारा छोटासा तुकडा, जो घोडा पडताना हाफ-कॉकची खाच झाकतो. साध्या चापात बोट दाबलेलं राहतं आणि नाक टंबलरपासून दूर धरलेलं असतं. सेट ट्रिगर दांड्याला फक्त एक टोला देतो आणि नाक लगेच परत टंबलरवर येतं. फ्लाय नसेल तर ते वेगाने फिरणाऱ्या टंबलरच्या हाफ-कॉक खाचेत अडकतं, आणि नाक तरी तुटतं किंवा ओठ तरी. साधा चापही खूप हलका आणि आखूड केला तर हाच धोका असतो.

लष्करी प्रतिकृतींचा, म्हणजे १८५३ ची एनफिल्ड किंवा १८६१ ची स्प्रिंगफील्ड यांचा चाप मुळातच जड ठेवलेला होता, आणि स्पर्धांमध्ये अशा बंदुकांच्या चापाचं किमान वजन ठरवलेलं असतं. नियमावली वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नका. थॉम्पसन/सेंटरच्या हॉकेनसारख्या रायफलींच्या लॉकमध्ये मेनस्प्रिंग पाट्याची नसून गुंडाळीची असते. लाकूड आणि ढिलाई यांबद्दल वर जे सांगितलं ते त्यांनाही लागू आहे, पाटा घासण्याचा भाग नाही.

काम संपल्यावर रिकाम्या बंदुकीवर चाचण्या घ्या. निप्पलवर चामड्याची जाड चकती ठेवा, म्हणजे घोडा आणि निप्पल दोन्ही वाचतील. हाफ-कॉकवर चाप जोर लावून ओढा, घोडा हलता कामा नये. फुल-कॉकवर कुंद्याला मागून, खालून आणि दोन्ही बाजूंनी रबरी हातोडीने ठोके द्या. घोडा चढवताना जरा दाणकन मागे आणून सोडा, नाकाने खाच पकडली पाहिजे. हे सगळं वीस-पंचवीस वेळा करा. एकदाही घोडा पडला तर बंदुकीत दारू घालायची नाही. सगळं ठीक निघालं तर ताणकाट्यावरचं वजन लिहून ठेवा, आणि पहिले वीस-तीस बार झाल्यावर लॉक उघडून नाकाची कड भिंगाखाली बघा. कड सरळ, कोरीव आणि सारखी चमकणारी असेल आणि काट्यावर तेच वजन येत असेल, तर लॉक पुसून, सिअरच्या पिनवर तेलाचा एक थेंब देऊन परत बसवा.